तुमचं एट्रुरिया, माझं नाव

अहो, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे, आणि जो येतो तो बूट काढता काढता मला एट्रस्कन लोकांची माहिती देतो. आपल्या मराठी मंडळातल्या नलूताई आणि त्यांचे यजमान ओटावाहून इथे केबेक प्रांतात, ब्रॉसार्डपर्यंत बर्फातून गाडी चालवत आले. नलूताईंनी मला मिठी मारली, डोळे टिपले आणि म्हणाल्या, "काय माणूस गं! बेसमेंटमध्ये उभं करून ते रोमच्या आधीचे लोक समजावून सांगायचे. सो पॅशनेट!" मग त्यांचे यजमान टार्क्विनिया हे गाव इटलीत नक्की कुठे आहे ते सांगायला लागले. मला! तिथल्या थडग्यांच्या पायऱ्या ज्या गुडघ्यांनी चढले-उतरले, ते गुडघे अजून दुखताहेत. मी चहा दिला.

मीनल म्हणते, "आई, मंडळाच्या अंकासाठी बाबांवर तूच लिही. बट प्लीज, नो बायोडेटा. ते सगळ्यांना माहितीये." बरं झालं. तुमच्या डिग्र्या आणि नोकऱ्या लिहायचा मला तरी कुठे उत्साह आहे? आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, तेवढं पुरं करते. या वेळी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

ओटावाजवळच्या कनाटातली तुमची टेलिकॉम कंपनी बसली आणि तुम्हीही घरी बसलात, तिथून हे सुरू झालं. अशा वेळी आपल्यातल्या कोणी रिअल इस्टेटचं लायसन्स काढलं, कोणी कन्सल्टिंगसाठी टोरांटोला चकरा मारल्या. तुम्ही लायब्ररीचं कार्ड काढलंत. रोमन आकडे मुळात रोमन नव्हेतच, ते शेजारच्या एट्रस्कन लोकांकडून उचललेले आहेत, असं कुठल्याशा पुस्तकात वाचलंत आणि त्यात जे घसरलात ते शेवटपर्यंत वर आला नाहीत. आर्नो आणि टायबर या दोन नद्यांमधल्या त्यांच्या मुलखाचा, एट्रुरियाचा, नकाशा तुम्ही फर्नेसशेजारच्या भिंतीवर चिकटवलात. त्या जागी माझी लोणच्यांची फळी होती, ती गॅरेजमध्ये गेली. हिवाळ्यात गॅरेजमध्ये लोणच्याचं तेल गोठतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं.

तुम्हाला कशानं झपाटलं, ते मला खरं तर लगेच कळलं होतं. त्यांची लिपी वाचता येते. अक्षरं ग्रीकांकडून घेतलेली, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. चार दिवस बसलं तर कोणीही घडाघडा वाचेल. पण वाचलेलं कळत नाही. थडग्यांवरची नावं, नाती, वयं असं थोडंफार लागतं आणि पुढे सगळा अंधार. "सिग्नल क्लिअर आहे, अगं," तुम्ही म्हणायचात, "डीकोड होत नाही, एवढंच." जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजेस बांधलेल्या माणसाला याहून मोठी चिडचीड दुसरी कुठली असणार? ती तुमची चिडचीड मला आवडायची. नोकरी गेल्यावर तुम्ही जेवतानासुद्धा बोलेनासे झाला होतात. त्या मेलेल्या भाषेनं तुम्हाला पुन्हा बोलतं केलं, त्याबद्दल मी तिचे उपकार मानते.

पण मग थांबेचनात तुम्ही. मंडळाचा कुठलाही पॉटलक आपल्याकडे असला की जेवणं झाल्या झाल्या सगळ्यांना खाली बेसमेंटमध्ये हाकायचात. "अपा म्हणजे बाप! मंडळी, लक्ष द्या. अपा. म्हणजे आपला अप्पा! सांगलीपासून टस्कनीपर्यंत बाप एकच!" या भाषेचं जगातल्या कुठल्या मोठ्या भाषेशी नातं लागत नाही, असं तुमच्याच पुस्तकांत छापलेलं होतं. तुम्ही तिकडच्या एका प्राध्यापकांना अप्पांबद्दल ईमेल पाठवलीत. उत्तर आलं नाही, तेव्हा "जेलस आहेत," म्हणालात. मराठी माणसाच्या हातात कुठलीही भाषा सकाळी द्या, संध्याकाळपर्यंत तिचं मूळ त्याला सांगली जिल्ह्यात सापडलेलं असतं. नलूताईंनी विचारलं, "मग आईला काय म्हणायचे हो ते?" तुम्ही म्हणालात, "अति." "बरोबर आहे," नलूताई म्हणाल्या, "आई जरा अतीच करते." सगळे पोट धरून हसले. तुम्ही मात्र यातही काही दुवा असेल अशा चेहऱ्यानं विचारात पडलात.

आणि मग यायचा तो भाग. त्या वेळी तुम्ही आवाज खाली आणायचात. हे लोक स्वतःला एट्रस्कन म्हणतच नव्हते, मंडळी. ते स्वतःला रासेन्ना म्हणायचे. ग्रीकांनी त्यांना आपलं एक नाव दिलं, तेच आज तिथल्या समुद्राला आहे. रोमनांनी दुसरं दिलं, त्यावरून टस्कनी झालं. रोमनं त्यांची शहरं एकेक करून गिळली, त्यांचे झगे, कमानी, शकुन बघायच्या पद्धती, सगळं उचललं, वर नागरिकत्व दिलं, आणि काही पिढ्यांत ती भाषा बोलणारं माणूस उरलं नाही. किनाऱ्याकडची शेतं पुढे दलदलीत बुडाली, मलेरियानं गावं ओस पडली, शेतकऱ्यांचे नांगर थडग्यांत रुतायला लागले. मग फ्लॉरेन्सच्या ड्यूकांना मोठेपणा हवा होता म्हणून त्यांनी स्वतःला एट्रुरियाचे ड्यूक म्हणवून घेतलं. नेपोलियननं तर मनात आलं म्हणून चक्क 'एट्रुरियाचं राज्य' काढलं, कुणा परक्या राजपुत्राला देऊन टाकलं आणि थोड्या वर्षांत मोडूनही टाकलं. "नाव परत आलं," तुम्ही म्हणायचात, "पण ओ द्यायला कोणी उरलं नव्हतं. तेसुद्धा रोमनांनी ठेवलेलं नाव! स्वतःचं नाव कुणाच्या तोंडात नाही. केवढा अन्याय आहे, विचार करा." मंडळी विचार करायची. मी वड्यांचा ट्रे घेऊन जिन्यात उभी असायची.

तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. "आता त्यांच्या बायकांचं बघा," तुम्ही पुढे सुरू व्हायचात. "रोमन मुलीला स्वतःचं नावच नसायचं. बापाच्या कुळाचं नाव तेच तिचं. बहिणी चार असल्या तरी चौघींचं तेच. पण आमची एट्रस्कन बाई? लार्थी! वेलिया! थाना! थडग्यावर तिचं स्वतःचं नाव, तिच्या बापाचं, कधी आईचंसुद्धा. याला म्हणतात सिव्हिलायझेशन!" टाळ्या पडायच्या. एकदा मी ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "आणि माझं नाव हो?"

"अगं," तुम्ही म्हणालात, "तो विषय वेगळा."

अंक वाचणाऱ्यांना काय वेगळा विषय ते कळणार नाही, म्हणून सांगते. माझं नाव सुनीता नाही. मिरजेला माझ्या माहेरी मी यमुना होते, लाडानं यमू. सांगलीला तुमच्या घरी भांडी घासायला यायच्या त्या बाईंचं नावही यमुना. सासूबाई म्हणाल्या, हाक मारली की दोघी ओ देतील. मग लग्नात आपल्याकडे करतात तसं तबकात तांदूळ पसरले आणि तुम्ही सोन्याच्या अंगठीनं त्यात सुनीता असं लिहिलंत. 'नी' ऱ्हस्व की दीर्घ यावर तुमची आणि भटजींची बराच वेळ चर्चा झाली. मी शेजारीच बसले होते, पण मला कोणी काही विचारलं नाही. यमुनाबाईंनी मात्र आपलं नाव शेवटपर्यंत चालवलं, त्यांना कोणी तबकात बसवलं नाही.

बरं, बदललंत तर बदललंत. निदान वापरायचं तरी! जन्मभर मला तुम्ही 'अगं' म्हणालात. लोकांसमोर 'ही'. इथल्या लोकांसमोर 'माय वाइफ'. एक नाव काढून घेतलंत आणि दुसरं पॅकिंगमधून बाहेरच काढलं नाहीत. ओटावाच्या क्लिनिकमध्ये तर माझ्या कार्डावरचं मधलं नाव, म्हणजे तुमचं नाव, वाचून नर्स 'वसंत' अशी हाक मारायची आणि आपण दोघं उभे राहायचो. 'तूही माझं नाव घेत नाहीस' असं तुम्ही आता म्हणाल. घेतलंय मी. दर हळदीकुंकवाला, चारचौघींत, उखाण्यात घेतलंय. पुरुषांनीही घ्यायचा असं एका संक्रांतीला ठरलं आणि तुमची पाळी आली, तेव्हा "मी फोटो काढतो" म्हणून तुम्ही कॅमेरा शोधायला निघून गेलात. कॅमेरा तुमच्या गळ्यात होता.

आता न्यायाचं बोलते, नाहीतर म्हणाल एकच बाजू लिहिली. त्याच सांगलीच्या घरात, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, पुरुषांची पंगत बसली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिचं ताटही इथेच मांडा." सासूबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही हात मागे घेऊन बसून राहिलात. वरणभात गार झाला, मामंजी खाकरले, तुमचे काका उठून जायच्या बेतात आले, तरी तुम्ही बसूनच. शेवटी माझं ताट आलं. मी लाजेनं मान खाली घालून भात चिवडत राहिले आणि तुम्ही मात्र दोनदा ताक मागून घेतलंत. एट्रस्कन नवरा-बायको एकाच कोचावर बसून जेवायचे, ग्रीक लोक त्यावरून नाकं मुरडायचे, हे तुम्ही वाचलंत त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या दिवसापासून आजवर मी तुमच्या मागून जेवले नाही. जो माणूस ताटासाठी अख्ख्या घराशी भांडतो, त्याला नावाचं का कळू नये? हेच मला कळत नाही हो. हे मला कधीच डीकोड झालं नाही.

मीनलच्या जवळ राहायचं म्हणून आपण ओटावाचं घर विकून ब्रॉसार्डला आलो, तुमचा नकाशा इथल्याही बेसमेंटमध्ये चिकटला, आणि आपण हेल्थ कार्ड काढायला गेलो, तो दिवस तुम्ही विसरला नसालच. काउंटरवरची बाई गोड होती. मला म्हणाली, "मादाम, इन केबेक द वाइफ कीप्स हर ओन नेम. से ला ल्वा. इट्स द लॉ. सो, युअर नेम ॲट बर्थ?" अहो, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते एक सरकार काउंटरवर ठेवून मला विचारत होतं. तुम्ही माझ्याकडे वळून इतके खूश होऊन बघितलंत, मला वाटलं, आता हे म्हणणार, सांग. मी तोंड उघडलं, आणि तुम्ही पुढे वाकून म्हणालात, "सुनीता. एस, यू, एन, आय, टी, ए. जोशी." माहेरचं आडनाव बरोबर, नाव मात्र तबकातलं. सुनीता जोशी नावाची बाई या पृथ्वीवर कधीच नव्हती. ती तुम्ही त्या काउंटरवर जन्माला घातलीत आणि तिला कार्डही मिळवून दिलंत.

टाशरो बुलेवार्डवर प्रत्येक सिग्नलला आपण भांडलो. तुम्ही म्हणालात, "पासपोर्टवर सुनीता, बँकेत सुनीता, पेन्शनमध्ये सुनीता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर फाईल अडकते. आय वॉज ओन्ली बीइंग प्रॅक्टिकल."

"लार्थीच्या नवऱ्यालाही थोडं प्रॅक्टिकल व्हायला सांगायचं होतं," मी म्हटलं.

"अगं, तो विषय..."

"वेगळा. ठाऊक आहे."

त्यावर तुम्ही म्हणालात, "पण केबेक बघ कसं आहे! बाईचं नाव बाईलाच. एट्रुरियाच की हे!" आणि खरोखर आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारलीत. चिडावं की हसावं, मला कळेना. मी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये उतरले आणि दूध घेऊन परत आले, तोवर तुम्ही हीटर लावून माझी सीट गरम करून ठेवली होती. तुमच्यावर धडपणे रागावताही यायचं नाही.

मग तुम्ही मला इटलीला नेलंत. मला वाटलं, हा आपला माफी मागायचा प्रकार असावा. कसला! लोक फ्लॉरेन्स बघतात, व्हेनिस बघतात. आपण बसस्टॉप बघितले. चुकलेली बस, उन्हातली चढण, पिशवीत मीनलनं दिलेले दशम्यांचे तुकडे, आणि पुढे तुम्ही नकाशा घेऊन, "अगं, आलंच." टार्क्विनियाच्या त्या माळावर छोटी छोटी कौलारू खोपटी, आत खोल पायऱ्या, खाली काचेचं दार, आणि काचेपलीकडे ती रंगवलेली खोली. दिव्यासाठी बटण दाबायचं. थोडा वेळ उजेड, मग काळोख. तुम्ही सारखे बटण दाबत होता.

एका थडग्यात नवरा-बायको कोचावर रेलून जेवत होते. तिनं छान केस बांधले होते आणि मान वळवून ती त्याच्याकडे बघत होती, काहीतरी सांगत असावी. वर अक्षरं होती. तुम्ही काचेला नाक लावून उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर जुळवलंत आणि तिचं नाव मोठ्यानं घेतलंत. किती हळू, किती जपून! एवढ्या मायेनं बोललेला तुमचा आवाज मी फक्त मीनल तान्ही असताना ऐकला होता. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या त्या बाईचा मला मत्सर वाटला. हो, वाटला. लोकांच्या सवती निदान जिवंत असतात.

"एकदा माझं घ्या," मी म्हटलं.

"आत्ता? इथे?" मागे पायऱ्यांवर कोणी जर्मन जोडपं खोळंबलं होतं. "लोक आहेत, अगं."

"त्यांना काय कळतंय?"

तेवढ्यात दिवा गेला. काळोखात तुम्ही काहीतरी पुटपुटलात. मी विचारलं, "काय म्हणालात?" तर म्हणालात, "बटण कुठाय?" यमुना म्हणालात की बटण म्हणालात, देव जाणे. नंतर खूपदा विचारलं, तुम्ही नुसते हसायचात. त्याच दिवशी तुम्हाला कुठल्याशा पाटीवर पुइया हा शब्द सापडला. पुइया म्हणजे बायको. मग परत येईपर्यंत "पुइया, पाण्याची बाटली," "पुइया, बस आली." रोमच्या एअरपोर्टवर सिक्युरिटीसमोरसुद्धा पुइया! कुणालाही न कळणाऱ्या भाषेत तुम्ही मला हाक मारू शकलात, आणि माझ्या आईबापांनी ठेवलेलं तीन अक्षरांचं ते नाव मात्र तुमच्या तोंडून निघालं नाही. मी मात्र त्या पुइयाला दर वेळी ओ दिली, कारण ती 'अगं'पेक्षा बरी होती.

गेल्या वर्षी मिरजेचा माझा दादा गेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "यमे, बर्फ पडला का?" जुलैतसुद्धा तेच विचारायचा. तो गेल्याचा फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात तुम्हाला म्हटलं, "आता मला त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही." तुम्ही माझ्या हातातून सुरी काढून घेतलीत, अर्धी चिरलेली भाजी बाजूला सारलीत, मला खुर्चीवर बसवलंत. बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात. मी मनात म्हणत होते, आता घ्या हो. आत्ता घ्या. आणि तुम्ही म्हणालात, "रासेन्नांचंही असंच झालं."

अहो, असं कोणी म्हणतं का? बाईचा भाऊ गेलाय, ती एक शब्द मागतेय, आणि तिला इतिहास द्यायचा? मी उठले आणि राहिलेली भाजी चिरली. तुम्ही पुन्हा मागे येऊन उभे राहिलात. त्या वेळी तुमचे डोळे भरले होते, ते मी बघितलं होतं. तुम्हाला माझ्यासाठी दुःख करायची तेवढी एकच भाषा येत होती, हे मला आज समजतं. त्या दिवशी समजलं नाही, आणि समजून तरी काय उपयोग होता? मला ते नाव हवं होतं.

आणि मग हॉस्पिटल. तुम्हाला औषधांनी गुंगी यायची, म्हणून नर्स येऊन जाऊन प्रश्न विचारायची, तुम्ही शुद्धीवर आहात का बघायला. महिना कुठला, गाव कुठलं. तुम्ही सगळी बरोबर उत्तरं देत होता, वर तिचं इंग्रजी सुधारत होता. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "अँड हू इज धिस लेडी, मिस्टर वसंत?"

"माय वाइफ."

"गुड! व्हॉट्स हर नेम?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खूप वेळ. गुंगी नव्हती डोळ्यांत, अजिबात नव्हती. मग तिला म्हणालात, "विच वन?"

तिनं मान हलवली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि हळूच म्हणाली, "ही इज अ बिट कन्फ्युज्ड टुडे." मी तिला काय सांगणार? या बाईला म्हणजे मला दोन नावं आहेत, आणि हा माणूस जन्मात पहिल्यांदा ते चारचौघांत कबूल करतोय? तुम्ही इतके शुद्धीवर कधीच नव्हता हो. मी तुमच्या कानाशी वाकले. म्हटलं, सांगा की मग. कुठलंही सांगा. दोन्ही सांगा. तुम्ही माझी बोटं धरलीत, दाबलीत, आणि म्हणालात, "अगं, चष्मा दे जरा." मी चष्मा दिला. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. लोकांच्या नवऱ्यांचे शेवटचे शब्द कसले कसले असतात, आणि माझ्या वाट्याला चष्मा आला.

परवा मीनल आणि मी इथल्या स्मशानभूमीच्या ऑफिसात जाऊन आलो. अर्ध्या अस्थी कृष्णेत आणि अर्ध्या इथे, एट्रस्कन लोक कलशात ठेवायचे तशा भिंतीतल्या कोनाड्यात, असं तुम्ही मीनलकडून कबूल करून घेतलं होतंत म्हणे. आम्हाला जिवंतपणी सुखानं बसू दिलं नाहीत, आता मेल्यावरही दोन खंडांत पळवताय. कोनाडा दोघांचा असतो. त्यावरच्या फरशीवर दोघांचीही नावं कोरतात; जो मागे राहिलाय, त्याचं नाव आधीच घालून ठेवतात आणि पुढची जागा मोकळी सोडतात. तिथली बाई पेन घेऊन बसली. तुमचं नाव लिहून झालं. मग माझ्याकडे बघून तिनं पुढचं नाव विचारलं, "ए पूर मादाम?"

"सुनीता," मीनल म्हणाली. "एस, यू, एन..." अगदी तुमची मुलगी आहे.

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "नाही. यमुना."

मीनल माझ्याकडे बघतच राहिली. तिला ते नाव ऐकून माहीत होतं, जसं पणजीचं माहीत असावं तसं. "आई, आर यू शुअर? मंडळातले लोक बघतील. दे विल थिंक बाबांना सेकंड वाइफ होती."

"होऊ दे की गावभर चर्चा. बाबांना आवडायची चर्चा."

त्या बाईला काही कळलं नाही. तिनं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं आणि तिनं ते परत वाचून दाखवलं. "यामुना," ती म्हणाली. पहिलं अक्षर ओढलेलं, शेवटचं गिळलेलं, आपल्याकडे कोणी असं म्हणणार नाही. "से बो, ब्यूटिफुल, मादाम यामुना. इट इज यू?" आणि अहो, मला इतकं रडू आलं. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा माझ्याच्यानं असं रडवलं नव्हतं. मीनल टिश्यू शोधत राहिली, ती बाई पाणी घेऊन आली, आणि मी मान हलवून सांगत राहिले की हो, मीच. मीच ती.

तर आता तुमच्या शेजारी यमुना कोरली जाईल. बर्फ वितळला की फरशी बसवतील. मला यायला अजून वेळ आहे. बेसमेंट आवरायचं आहे, तुमचा नकाशा काढून तिथे फळी लावायची आहे, मीनलला मिरज दाखवायची आहे. तोवर तुम्हाला दुसरं काही काम नाही. नाव तुम्हाला ठाऊक आहे, हे त्या नर्ससमोर मला कळलंय, तेव्हा सबब चालणार नाही. मोठ्यानं म्हणायची सवय करा. मी येईन तेव्हा 'अगं' म्हणालात, तर मी ओ देणार नाही.